शेरीच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट स्कॉच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाटलीवर ‘शेरी कास्क’ हे दोन शब्द छापले की किंमत चढते. शब्द खोटे नसतात, पण ते फार थोडं सांगतात. लाकूड कुठलं, शेरी कुठली, पिंप पहिल्यांदा भरलं होतं की तिसऱ्यांदा, व्हिस्की त्यात बारा वर्षं होती की सहा महिने, हे कळल्याशिवाय त्या दोन शब्दांवर पैसे लावण्यात अर्थ नाही. खालचे प्रश्न दुकानात, मैफलीत आणि ड्युटी-फ्रीच्या रांगेत नेहमी कानावर पडतात.

‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की का?

नाही. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू आहे, पिंपाला नाही. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, गाळलेली ती सिंगल माल्ट. एका बाटलीत त्या डिस्टिलरीच्या कित्येक पिंपांमधली व्हिस्की एकत्र केलेली असते. एकाच पिंपातली हवी असेल तर ‘सिंगल कास्क’ लिहिलेली बाटली शोधावी लागते.

स्कॉच म्हणवून घ्यायला आणखी अटी आहेत. २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरली पाहिजे आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांखाली उतरता कामा नये. सिंगल माल्ट बाटलीतही स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. लेबलवरचा वयाचा आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. म्हणजे ‘१२’ लिहिलेल्या बाटलीत १६ वर्षांची असू शकते, ११ वर्षांची नाही.

आणि शेरी म्हणजे? ब्रँडीचाच प्रकार ना?

शेरी ही वाइन आहे. दक्षिण स्पेनमध्ये, आंदालुसियात, हेरेस, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या टापूत ती तयार होते. पांढऱ्या चुनखडीच्या जमिनीवर पालोमिनो जातीची हिरवी द्राक्षं होतात. त्यांची साधी पांढरी वाइन करायची आणि तिच्यात द्राक्षांचंच स्पिरिट घालून जोर, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, वाढवायचा. इथून पुढे दोन वाटा फुटतात.

साधारण १५ टक्क्यांपर्यंतच जोर वाढवला तर वाइनवर यीस्टची साय धरते. तिला ‘फ्लोर’ म्हणतात. त्या सायीमुळे हवा आत शिरत नाही, वाइन फिकट आणि खडखडीत कोरडी राहते. ही फिनो. सानलुकारला, समुद्राच्या वाऱ्यात मुरलेली तीच मांसानिया. जोर १७ टक्क्यांच्या पुढे नेला की यीस्ट जगत नाही, वाइन हवेशी थेट भिडते आणि वर्षानुवर्षांत तपकिरी, जाड, अक्रोडासारख्या वासाची होते. ही ओलोरोसो. अमोंतियादो मधली: आधी सायीखाली, मग उघडी.

पेद्रो शिमेनेस, म्हणजे लेबलवरची ‘पीएक्स’, हे वेगळंच प्रकरण. त्या नावाच्या द्राक्षांचे घड उन्हात वाळवून, जवळजवळ बेदाणे झाल्यावर त्यांचा रस काढतात. त्यातून होणारी वाइन काकवीसारखी काळी, दाट आणि अतिशय गोड असते.

म्हणजे शेरीच्या पिंपातली व्हिस्की गोड असते?

हा समज मोडायलाच हवा. व्हिस्कीची बहुतेक शेरी पिंपं ओलोरोसोची असतात आणि अस्सल ओलोरोसो कोरडी असते. तिच्यात साखर नावालाही नसते. भारतात शेरी म्हटलं की क्लबातल्या आजींच्या हातातला गोड प्याला डोळ्यांसमोर येतो. तो ‘क्रीम शेरी’चा, म्हणजे मुद्दाम गोड केलेल्या मिश्रणाचा. व्हिस्कीत जो गोडवा जाणवतो तो बराचसा वासाचा आणि ओकचा असतो. मनुका, खजूर, गुळाचा पाक यांचे वास आले की जिभेच्या आधी मेंदू ‘गोड’ म्हणून मोकळा होतो.

व्हिस्कीत शेरी मिसळतात का?

मिसळत नाहीत. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यांपलीकडे काहीही घालायला मनाई आहे. शेरी येते ती लाकडात मुरलेली. पिंप रिकामं केलं तरी फळ्यांनी काही लिटर शेरी शोषून धरलेली असते आणि व्हिस्की पुढच्या वर्षांत ती हळूहळू ओढून घेते. पण चवीतला मोठा वाटा शेरीचा नसून शेरीने बदललेल्या लाकडाचा आहे. वाइनने कच्च्या ओकचा कडवट तुरटपणा आधीच खेचून घेतलेला असतो. जे उरतं ते मवाळ आणि मसालेदार.

स्पेनची पिंपं स्कॉटलंडपर्यंत पोहोचली कशी?

ब्रिटिशांच्या तहानेमुळे. इंग्लंडमध्ये शेरीची आवड जुनी आहे. १५८७ साली फ्रान्सिस ड्रेकने कादिस बंदरावर छापा घातला तेव्हा लुटीत सुमारे २,९०० पिंपं शेरी होती, असं इतिहासात सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात तर जहाजंच्या जहाजं भरून शेरी ब्रिस्टल, लंडन आणि एडिनबरोजवळच्या लीथ बंदरात उतरायची. ती यायची लाकडी पिंपांतून. ब्रिटनमध्ये बाटल्या भरल्या की रिकामी पिंपं परत स्पेनला धाडणं परवडत नसे. व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात भांडी मिळाली. चवीचा विचार त्यात फारसा नव्हता. व्हिस्की मुरते तेव्हा बरी लागते, आणि शेरीच्या पिंपात मुरली तर आणखी बरी, हे नंतर ध्यानात आलं.

हा पुरवठा विसाव्या शतकात दोन बाजूंनी आटला. ब्रिटनमध्ये शेरीची फॅशन ओसरली आणि १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याची पद्धत सक्तीची झाली. वाहतुकीची पिंपं संपली ती कायमची. मधल्या काळात ‘पाक्सारेत’ नावाचा एक तोडगा चालायचा. हा शेरीपासून केलेला दाट, गोड, काळसर अर्क. थकलेल्या पिंपात तो दाबाने मारायचा, लाकूड पुन्हा ‘शेरीचं’ व्हायचं. १९९० च्या सुमारास त्यावर बंदी आली. साठ-सत्तरच्या दशकातल्या शेरी माल्टची आठवण काढून जुनेजाणते उसासे टाकतात, तेव्हा त्या चवीत वाहतुकीच्या पिंपांबरोबर थोडं पाक्सारेतही होतं, हे कुणी सांगत नाही.

म्हणजे आज जी पिंपं येतात ती बोदेगातली, म्हणजे शेरीच्या कोठीतली, जुनी, शंभर वर्षांची सोलेराची पिंपं?

जाहिरातीतल्या फोटोंमुळे तसंच वाटतं: अंधारी कोठी, काळी पडलेली पिंपं, वरून पडणारा उन्हाचा कवडसा. वस्तुस्थिती वेगळी आहे. सोलेरा ही शेरी मुरवण्याची रचना. पिंपांच्या ओळी एकमेकींवर रचलेल्या असतात. सगळ्यात खालच्या, जुन्या ओळीतून थोडी वाइन विक्रीला काढायची, तिथली तूट वरच्या ओळीतून भरायची, त्या ओळीची तिच्या वरच्या ओळीतून. यात पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही आणि बोदेगा ते विकायलाही तयार नसते. शिवाय सोलेराला हवं असतं चव न देणारं, निर्जीव झालेलं लाकूड. व्हिस्कीला हवं असतं नेमकं उलट.

म्हणून आजची ‘शेरी कास्क’ ही जवळपास सगळी व्हिस्कीसाठीच, ऑर्डर देऊन बनवलेली असतात. ओकचं झाड पाडायचं, फळ्या कापून उघड्यावर उन्हापावसात वाळवायच्या, हेरेसमधल्या कारखान्यात पिंप बांधायचं, आतून आगीवर शेकायचं. मग त्यात शेरी भरून वर्ष-दोन वर्षं ठेवायचं. याला ‘सीझनिंग’ म्हणतात. हेरेसच्या नियामक मंडळाने आता या पिंपांसाठी वेगळं प्रमाणपत्र काढलं आहे. त्यात किमान एक वर्ष सीझनिंगची अट आहे. आत ठेवलेली शेरी बहुतेकदा पिण्यासाठी विकली जात नाही. ती पुढच्या पिंपांना पुन्हा वापरतात आणि शेवटी तिची व्हिनेगर किंवा ब्रँडीकडे रवानगी होते. थोडक्यात, पूर्वी शेरी हा माल होता आणि पिंप हे खोकं. आज पिंप हा माल आहे आणि शेरी हा त्याचा मसाला.

यात फसवणूक आहे का? माझ्या मते नाही. मुद्दाम केलेलं सीझनिंग पारखून, मोजून होतं, दर्जा सारखा राहतो. राग येतो तो फक्त त्या अंधाऱ्या कोठीच्या फोटोंचा.

युरोपियन ओक आणि अमेरिकन ओक यांत एवढा फरक पडतो?

शेरीच्या जातीपेक्षाही जास्त पडतो, असं मी म्हणेन. उत्तर स्पेनमधल्या गालिसिया आणि कान्ताब्रिया भागातला ओक सच्छिद्र, टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेला. त्यातून मनुका, सुकं अंजीर, लवंग, सुंठ, जुन्या चामड्याचा वास आणि लालसर तपकिरी रंग येतो. अमेरिकन ओक घट्ट आणि गोडसर: व्हॅनिला, ओलं खोबरं, मध. दोन्ही लाकडांत एकच ओलोरोसो भरली तरी व्हिस्की दोन निराळ्या निघतात. गंमत म्हणजे खुद्द शेरीवाले आपल्या सोलेरासाठी पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन ओकच वापरत आले आहेत.

मॅकॅलन या डिस्टिलरीच्या दोन मालिकांमध्ये हा फरक समजून घेता येतो. ‘शेरी ओक’ आणि ‘डबल कास्क’ या दोन्हींत पिंपं शेरीने सीझन केलेलीच असतात. ‘डबल कास्क’मध्ये अमेरिकन ओकची पिंपं युरोपियन ओकच्या जोडीला घेतलेली असतात आणि प्याल्यात ती फिकट, व्हॅनिलाकडे झुकणारी लागते. शेजारी शेजारी ठेवून घोट घेतले तर कुठल्याही पुस्तकी वर्णनाची गरज उरत नाही.

फर्स्ट फिल, रिफिल, फिनिश: लेबलवरचे हे शब्द कसे वाचायचे?

फर्स्ट फिल म्हणजे शेरी काढल्यावर पहिल्यांदाच व्हिस्की भरलेलं पिंप. प्रभाव जबरदस्त. तेच पिंप पुन्हा भरलं की रिफिल. शेरी मागे सरते, डिस्टिलरीची स्वतःची चव पुढे येते. रिफिलला कमी लेखू नका. पंचवीस-तीस वर्षं मुरवायची असेल तर फर्स्ट फिल पिंप व्हिस्कीला गिळून टाकतं आणि शेवटी जिभेवर नुसतं लाकूड उरतं. लांब पल्ल्याला रिफिलच बरं.

फिनिश म्हणजे आयुष्याचा मोठा काळ बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात काढायचा आणि शेवटचे काही महिने ते दोनेक वर्षं शेरीच्या पिंपात. ही पद्धत लोकप्रिय करण्याचं मोठं श्रेय बॅल्व्हेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांना जातं. त्यांची १२ वर्षांची ‘डबलवुड’ १९९३ साली बाजारात आली. ग्लेनमोरांजीची ‘लासांता’ याच वाटेवरची. चांगलं फिनिश दोन्ही लाकडांना एकजीव करतं. वाईट फिनिशमध्ये शेरी वरून फासल्यासारखी वाटते आणि दहा मिनिटांत प्याल्यातून उडून जाते.

पिंपांच्या आकाराची नावंही दिसतात. बट म्हणजे सुमारे ५०० लिटर, हॉग्सहेड २५०, बर्बन बॅरल २०० च्या आसपास. पिंप जितकं लहान तितका लाकडाचा स्पर्श जास्त.

रंग जितका गडद तितकी व्हिस्की जुनी आणि शेरीदार, बरोबर?

चूक, आणि महागात पडणारी चूक. स्कॉचमध्ये ई१५०ए हा कॅरॅमल रंग कायदेशीर आहे आणि मोठमोठे ब्रँड तो वापरतात. एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात रंग सारखा दिसावा हे त्यांचं कारण. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर रंग घातल्याचं छापावं लागतं, त्यामुळे जगभरचे चौकस लोक जर्मन लेबलं तपासतात. भारतात आलेल्या बाटलीच्या मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत रंगाचा उल्लेख आहे का, तेही बघावं.

‘नॅचरल कलर’ लिहिलेलं असेल तर रंग लाकडाचाच. ग्लेनफार्क्लास, बुनाहाव्हन, अबरलॉरची अबुना यांत रंग घालत नाहीत. तरीही नैसर्गिक गडदपणा हा फक्त पिंप ताजं होतं एवढंच सांगतो. सात वर्षांची फर्स्ट फिल व्हिस्की कॉफीसारखी दिसू शकते आणि तीस वर्षांची रिफिल गवती चहासारखी फिकट.

चव नेमकी कशी लागते? परदेशी वर्णनातली ख्रिसमस केक आणि मार्मलेड आम्हाला काय कळणार?

ती सोडून द्या. आपल्या घरात याहून चांगली शब्दसंपदा आहे. युरोपियन ओकच्या ओलोरोसो पिंपातली व्हिस्की हुंगली की तासगावचा काळा बेदाणा, सुकं अंजीर, खारीक, अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल आणि जायफळ यांपैकी काही ना काही सापडतंच. त्यामागून सुंठ-लवंगेची ऊब, कधी तपकिरीची डबी उघडल्याचा वास, कधी पॉलिश केलेलं लाकूड. पीएक्स असेल तर खजूर आणि काकवी वरचढ. फिनोची पिंपं दुर्मीळ. त्यांतून येते खारट बदामी, हलकी, जवळजवळ शेरी न वाटणारी व्हिस्की. मला ती फार आवडते, पण पहिल्यांदा शेरी माल्ट घेणाऱ्याला ती दिली तर तो पैसे परत मागेल.

माझ्या बाटलीला जळलेल्या काडेपेटीचा वास येतो. नकली आहे का?

नकली नाही, तो गंधक आहे. रिकामी पिंपं स्पेनहून निघताना त्यांत बुरशी किंवा आंबणारे जंतू वाढू नयेत म्हणून आत गंधकाची वडी जाळण्याची जुनी रीत होती. ती जास्त झाली की व्हिस्कीत काडेपेटी, रबर, उकडलेल्या कोबीचा वास उतरतो. शेरी पिंपांवर हा आरोप कायमचा आहे, आणि बऱ्याचदा खरा आहे.

पण सगळा गंधक पिंपातून येत नाही. तो व्हिस्कीच्या स्पिरिटमध्येही असतो. गाळताना तांब्याशी जितका संपर्क जास्त तितका तो कमी होतो. मॉर्टलॅकसारख्या डिस्टिलरीत वाफ थंड करायला अजून जुन्या पद्धतीच्या, पाण्याच्या कुंडात बुडवलेल्या वेटोळ्या नळ्या वापरतात. त्यात तांब्याचा संपर्क कमी, म्हणून स्पिरिट मटणाच्या अळणीकडे झुकतं. तिथे थोडा गंधक हा गुण मानतात.

शिवाय माणसागणिक फरक आहे. एकाच टेबलावर एकाला रबर असह्य होतं आणि शेजारच्याला काहीच जाणवत नाही. दोघांची नाकं खरी. बाटली उघडून थोडी पिऊन महिनाभर ठेवली की सौम्य गंधक कधी कधी उतरतो. रबराचा असेल तर शक्यता कमी.

कोणत्या डिस्टिलऱ्या खरोखर शेरीच्या?

शेरीचं एखादं पिंप आता जवळपास सगळेच ठेवतात. ज्यांची ओळखच त्यावर उभी आहे अशा थोड्याच.

ग्लेनफार्क्लास माझ्या यादीत पहिली. स्पेसाइडमधली, १८३६ पासून परवाना असलेली. जॉन ग्रँट यांनी १८६५ साली ती ५११ पौंडांना घेतली आणि तेव्हापासून ती त्याच घराण्यात आहे. भट्ट्या अजून थेट आगीवर तापवतात, त्यामुळे स्पिरिट अंगाने जाड होतं आणि शेरीच्या ओझ्याखाली दबत नाही. ओलोरोसो पिंपांवर त्यांचा भर. त्यांची १५ वर्षांची ४६ टक्क्यांवर भरलेली बाटली हा पैशाचा उत्तम मोबदला आहे. ‘१०५’ ही ६० टक्क्यांची, तिच्याशी पाण्याविना झटू नये.

ग्लेनड्रोनॅक १८२६ ची, अ‍ॅबर्डीनशायरमधली. १९९६ ते २००२ ती बंदच होती. २००८ मध्ये बिली वॉकर यांच्या कंपनीने घेतली आणि शेरीसाठी नावारूपाला आणली. १२ वर्षांची ‘ओरिजिनल’ ओलोरोसो आणि पीएक्सच्या जोडीची, १८ वर्षांची ‘अ‍ॅलर्डाइस’ निव्वळ ओलोरोसोची. वॉकर पुढे ग्लेनअलाकीला गेले आणि तिथेही शेरीचाच बार उडवला.

मॅकॅलनबद्दल काय बोलणार? १८२४ सालचा परवाना, छोट्या आकाराच्या भट्ट्या, पिंपांवर इतर कुणी करत नाही एवढा खर्च. व्हिस्की चांगलीच आहे. पण आज तिच्या किमतीत अर्धी व्हिस्की आणि अर्धं नाव असतं. त्याच पैशात ग्लेनफार्क्लास किंवा टॅमडू घेतली तर एक पायरी वरची उमर मिळते. टॅमडू फक्त शेरी पिंपंच वापरते आणि तरी तिचा बोलबाला कमी आहे. तेवढाच खिशाला दिलासा.

अबरलॉरची अबुना वयाशिवाय येते, पिंपातल्या मूळ जोराने, ६० टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक घाण्याला क्रमांक असतो आणि घाण्यागणिक चव हलते. डॅलमोरचा संबंध हेरेसच्या गोन्सालेस बियास या बोदेगाशी. तिथल्या ‘मातुसालेम’ ओलोरोसोची पिंपं त्यांना मिळतात.

धुराची व्हिस्की आणि शेरी जमतं का?

जमलं तर त्यासारखं काही नाही. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवलेल्या जवाची व्हिस्की आणि शेरी पिंप एकत्र आले की खरपूस, खारट, गोडसर असं काहीतरी होतं. अर्डबेगची ‘उगडाल’, लॅगाव्ह्युलिनची पीएक्स पिंपात फिनिश केलेली ‘डिस्टिलर्स एडिशन’ आणि किलहोमनची ‘लॉख गॉर्म’ ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची तीन उदाहरणं. आयलावरच असून धुराशिवायची शेरी हवी असेल तर बुनाहाव्हन १२. ती ४६.३ टक्क्यांवर, थंड गाळणी, म्हणजे गारठवून गाळणं, न करता आणि रंग न घालता भरतात. बर्बन आणि शेरी पिंपांचं तिचं मिश्रण इतकं सहज आहे की दोन वेगळी लाकडं आहेत हे विसरायला होतं.

ही एवढी महाग का?

अमेरिकेत बर्बनला दर वेळी नवं पिंप वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे एकदा वापरलेली बॅरल स्वस्तात मिळतात. शेरीचं पिंप मात्र झाडापासून घडवून, शेरी भरून, वर्ष-दोन वर्षं थांबून मिळतं आणि त्याची किंमत बर्बन बॅरलच्या कित्येक पट असते. हा खरा खर्च झाला.

बाकीचा खर्च हौसेचा. १९२६ मध्ये गाळलेली आणि ६० वर्षं शेरीच्या २६३ क्रमांकाच्या पिंपात राहिलेली मॅकॅलन १९८६ मध्ये बाटलीत भरली, एकूण ४० बाटल्या. त्यांतली एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. तिचा व्हिस्कीशी संबंध तेवढाच, जेवढा तिजोरीतल्या नाण्याचा भाजी आणण्याशी.

भारतीय सिंगल माल्टही शेरी पिंपात मुरवतात. स्कॉचशी तुलना करावी का?

करावी, पण वयाच्या आकड्याने नाही. स्कॉटलंडमध्ये दर वर्षी पिंपातून साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात आणि बंगळुरात ते प्रमाण ८ ते १० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून वर जातं. उष्णतेने लाकूड जोरात बोलतं, पाच-सहा वर्षांत व्हिस्की प्रौढ होते आणि जास्त ठेवली तर पिंप कोरडं पडायची भीती.

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांच्या ओलोरोसो आणि पीएक्स पिंपांतल्या बाटल्या निघाल्या आहेत. मडगावहून कारवारकडे जाताना ते गाव वाटेवरच लागतं. अमृतची ‘इंटरमीडिएट शेरी’ ५७.१ टक्क्यांची: शेरीचं पिंप मधल्या टप्प्यात, आधी आणि नंतर दुसरं लाकूड. हरियाणातली इंद्री ‘त्रिनी’ बर्बन, वाइन आणि पीएक्स अशा तीन पिंपांची, आणि रोजच्या घोटाला परवडणारी. या सगळ्या सिंगल माल्ट आहेत, स्कॉच नव्हेत, आणि त्यांनी तसं असण्याची गरजही नाही. मसालेदारपणात त्या स्कॉचला मागे टाकतात. शांतपणात अजून नाही.

कशी प्यावी? पाणी घातलं तर अपमान होतो का?

कुणाचा अपमान? स्कॉटलंडमध्ये टेबलावर पाण्याचा चंबू असतोच. ४६ टक्क्यांच्या वरच्या व्हिस्कीत थेंब थेंब पाणी घालून बघा, बंद वास मोकळे होतात. अबुना किंवा १०५ असेल तर चमचा-दोन चमचे. थंड गाळणी न केलेली व्हिस्की पाण्याने किंवा बर्फाने किंचित गढूळ होते, तो दोष नाही. बर्फाने मात्र शेरीचे वास गोठतात आणि टॅनिनचा तुरटपणा तेवढा उठून दिसतो. मे महिन्यात नागपुरात बसून कुणी बर्फ घातला तर मी काही बोलणार नाही.

प्याला तोंडाशी निमुळता असावा. मोठ्या रुंद ग्लासात निम्मं काम वाया जातं. चखणा म्हणून शेवचिवडा आणि मसाला शेंगदाणे ठेवले की जीभ तिखटाने बधिर होते आणि मनुका-अंजीर सापडेनासे होतात. अक्रोड, खारे बदाम, जुनं चीज, कडू चॉकलेट यांच्याशी जमतं. आणि थोडी प्यायची व्हिस्की आहे ही. छोटा पेग तासभर पुरायला हवा.

मधुमेह असलेल्यांना चालते का? शेरीची साखर असेल ना तिच्यात?

साखर जवळजवळ नसते, पीएक्स पिंपातल्या व्हिस्कीतही नगण्यच. पण प्रश्न साखरेचा नसून अल्कोहोलचा आहे. ते रक्तातल्या साखरेवर आणि औषधांवर परिणाम करतं. हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बारमध्ये शेजारी बसलेल्याला नाही.

महाराष्ट्रात विकत घेताना काय लक्षात ठेवावं?

मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव. स्पिरिटसाठी वयाची अट २५ आहे. गोव्यात ती २१. परदेशातून येताना माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणून विमानतळावर शेरी माल्टच्या रांगेत सगळ्यात जास्त मराठी ऐकू येतं. आयात शुल्क आजवर १५० टक्के होतं. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटनने सही केलेल्या व्यापार करारात ते ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. राज्याचं उत्पादन शुल्क त्यावर निराळंच बसतं, तेव्हा दुकानातली किंमत निम्मी होईल अशी आशा धरू नये.

उघडलेली बाटली किती टिकते?

उभी ठेवायची, आडवी नाही. जास्त जोराची दारू बुचाला कुरतडते. उन्हापासून दूर, कपाटात. निम्म्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर सहज राहते. तळाशी दोन-तीन पेग उरले की हवा जास्त होते, शेरीचे फळांचे वास आधी उडतात आणि लाकूड मागे राहतं. ते दोन-तीन पेग पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यापेक्षा लहान बाटलीत ओतून ठेवा, किंवा येत्या शनिवारी संपवा.

पहिलीच बाटली घ्यायची आहे. एक नाव सांगा.

ग्लेनड्रोनॅक १२. ती मिळाली नाही तर बुनाहाव्हन १२. आणि आधी एखाद्या चांगल्या बारमध्ये ३० मिली मागवून बघा.